काळा सोडून एक्कावन्न

३ मार्च, सोमवार

ही डायरी अस्तरवाल्या व्यापाऱ्यानं दिलेली, मागच्या वर्षीची. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून वार मी हातानं लिहिणार. दुकानात दुपारी दोन ते पाच हल्ली कोणी फिरकत नाही. सुनंदाबाई आहेत, पण त्यांच्याशी तरी किती बोलणार? चौदा वर्षांत सगळं बोलून झालंय.

एकतीस वर्षं झाली ‘कोकिळा मॅचिंग’ला. बायका साडी बरोबर आणायच्यासुद्धा नाहीत. ‘अक्का, ती भाच्याच्या लग्नातली’ एवढं म्हणायच्या, आणि मी गठ्ठ्यातून नेमका ब्लाउजपीस ओढून हातात द्यायची. कोकिळाबाईंनी दिला म्हणजे जुळला, असं जळगावात म्हणतात. म्हणायचे. आता साडीबरोबरच ब्लाउज येतो, नाहीतर पोरी मोबाइलवर मागवतात.

काल दिपमाला धुळ्याच्या देवपूरहून आली होती. लेक आणि तिचे बाबा, दोघांनी मला समोर बसवलं. ‘आई, आखाजीपर्यंत बघ. नाही चाललं तर गाळा नेमीचंदशेठना दे आणि दोघं आमच्याकडे धुळ्याला या.’ शेजारच्या नेमीचंदशेठना गोदामाला जागा हवीच आहे. म्हणजे माझ्यामागे सगळं ठरलेलं. मीही म्हटलं, ठीक. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दुकान माझं आहे, आणि मी काही हात बांधून बसणारी नाही. साइट काढतेय. कपडा बघायला कोणी दुकानात येत नसेल तर दुकान त्यांच्या मोबाइलात जाईल.

साइट करून देणारी कोण, तर शेठचीच मुलगी विधी. बापाला गाळा हवा आणि लेक गाळा वाचवायला बसली आहे.

७ मार्च, शुक्रवार

विधी लॅपटॉप घेऊन आली. तिच्याकडे रंगाला नाव नसतं, सहा अक्षरांचा नंबर असतो, गाडीच्या पाटीसारखा. म्हटलं, अगं, नंबरानं का कुठं रंग ओळखतात? मी सांगत गेले, ती टिपत गेली: अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, शेवाळी, मेंदी, श्रीखंडी, मोतिया. एकशे बेचाळीस झाले तेव्हा ती दमली. मी दमले नाही.

मग तिनं तिच्या कॉलेजात शिकवलेलं सांगितलं. पानावर एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा चिमूटभर, जिथे गिऱ्हाइकानं बोट लावायचं तिथेच. मी म्हटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? अंग, काठ आणि पदर. अंगाचा रंग शांत, काठानं त्याला धरून ठेवायचं आणि नजर जायची ती पदरावर. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, ‘काकू, हे मी माझ्या सगळ्या क्लायंटना सांगणार.’ खुशाल सांग म्हटलं.

ठरलं ते असं: अंग पांढरं शुभ्र, म्हणजे कपड्याचा रंग बिघडणार नाही. अस्तरासारखं, असून न दिसणारं. काठ डाळिंबी. ‘मागवा’ लिहिलेलं बटण हळदी. आज फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

१५ मार्च, शनिवार

विधीनं पान करून आणलं, माझ्या मोबाइलवर उघडलं. पांढरं म्हणे. कुठलं पांढरं? साय धरलेल्या दुधासारखं. मी म्हटलं, यावर मोतिया ठेवला तर दिसणार कसा? जरा नीळ घाल. तिनं घातली. अजून घाल म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ‘काकू, नक्की?’ मी म्हटलं, एकतीस वर्षं कपडा बघतेय मी. शेवटी चौथ्यांदा कुठे स्वच्छ पांढरं झालं.

ती म्हणत होती, माझ्या लॅपटॉपवर हे वेगळं दिसतंय. लॅपटॉपच तसला असेल. नाचता येईना अंगण वाकडं.

सुनंदाबाई मागे उभ्या होत्या. त्यांना विचारलं, ‘बरं दिसतं ना?’ ‘हो, अक्का,’ म्हणाल्या. त्या नेहमी हो म्हणतात. त्यांना मत असं नाहीच.

२२ मार्च, शनिवार

तीन दिवस नुसते फोटो. खाली नावं मी सांगते, सुनंदाबाई लिहितात. त्यांनी एक नवीन खूळ काढलंय. प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात चिठ्ठी टाचतात: नेव्ही, काळा, वांगी, रामा. चौदा वर्षं माझ्या हाताखाली काढून बाईला अजून रंग पाठ होऊ नयेत? मी रागावले नाही. असोद्याहून रोज एसटीनं येते, घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे बसते, डोकं तरी किती चालणार?

संध्याकाळी एक बाई फॉल बदलायला आली. ‘नेव्हीवर काळा दिलाय तुम्ही.’ मी म्हटलं, ताई, नेव्हीच आहे तो, तुमच्या घरातला दिवा बघा. सुनंदाबाईंनी मध्येच येऊन तिला दुसरा देऊन टाकला. गिऱ्हाइकाची समजूत काढायची म्हणून, असं मी धरलं. पण असं पडतं घेतलं की दुकानाची किंमत कमी होते, हे मी त्यांना नंतर बजावलं.

ट्यूब बदलायला हव्यात. पिवळ्या पडल्यात.

२ एप्रिल, बुधवार

पाडव्याला साइट सुरू झाली. तीन दिवसांत सात ऑर्डरी. जामनेर, चोपडा, एक थेट नंदुरबार. पार्सलं मी बांधते, नाव-पत्ता सुनंदाबाई टाकतात आणि जाताना पोस्टात देतात.

दिपमालाचा फोन आला. ‘आई, छान झालीय गं. पण पान एवढं निळं का केलंस?’ निळं कुठलं? तिच्या मोबाइलला पाणी लागलं होतं गणपतीत, तेव्हापासून तो असाच आहे. ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले, मला काय कळतं त्यातलं. खरंच आहे, लाल आणि गुलाबी यातला फरक यांना लग्नापासून कळलेला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

हे आजच लिहून ठेवते.

जेवून लवकर परत आले तर सुनंदाबाई मी बांधलेलं पार्सल सोडून बसलेल्या. आतला ब्लाउजपीस काढून दुसराच घालत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत. विचारलं, हे काय चाललंय? त्या उठून उभ्या राहिल्या.  म्हटलं, किती दिवस चाललंय? त्या सोडलेली दोरी गुंडाळायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं. समोरच्या शोरूमला कामाला बायका हव्यात, मागच्या महिन्यात त्यांचा माणूस येऊन गेला होता. माझी साइट पडली की सुनंदाबाईंची तिकडे सोय. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

मी नको ते बोलले. चोर म्हणाले. चौदा वर्षं माझ्याकडे राबलेल्या बाईला, भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर. त्यांनी डबा पिशवीत घातला. जाताना एवढंच म्हणाल्या, ‘अक्का, उन्हात नेऊन पाहत जा अन् मंगच बांधत जा.’ वर मला शिकवून गेल्या.

रात्री जेवले नाही. वाईट वाटतंय आणि वाईट का वाटावं याचा रागही येतोय.

१२ एप्रिल, शनिवार

चार पार्सलं परत. रामा मागवला, हिरवा आला. पांढरा मागवला, क्रीम आला. एकीनं साइटवर लिहिलंय, ‘यांना रंग तरी कळतात का?’ मला. हे मला.

विधीला बोलावून झाडलं. तुझ्या पानानं घोळ केलाय, फोटोत एक दिसतं आणि हातात दुसरं पडतं. ती बिचारी माझा मोबाइल उलटापालटा करत बसली. म्हणाली, ‘काकू, यात झोपताना वापरायचा पिवळा उजेड चालू राहिला असेल.’ तो तर बंदच निघाला. मग म्हणाली, ‘डोळे दाखवलेत का कधी?’ मी म्हटलं, पेपर मी चष्म्याशिवाय वाचते. शिंपी आंधळा झाला तर कात्री बदलायची असते का, असलं काहीतरी बोलले. आता त्याचा अर्थही लागत नाही.

सुनंदाबाई असताना एकही पार्सल परत आलं नव्हतं. म्हणजे जाताना मुद्दाम गठ्ठे हलवून गेल्या. दुसरं काय असणार?

१७ एप्रिल, गुरुवार

देव आहे. परवा पहूरच्या कमलबाईंचा फोन आला. मुलाचं लग्न आहे, मानाच्या बायकांच्या ओट्या भरायच्या. एक्कावन्न ब्लाउजपीस हवेत. म्हणाल्या, ‘माह्या लग्नाची साडी तुमीच जुळवून देल होती. रंग कोनताबी चालीन, तुमची नजर हाये. निस्ता काया नको.’ आता ओटीत काळा कोण घालतं? ते त्यांनी सांगायलाही नको होतं.

दोन दुपारी एकटीनं बसून पीस काढले. एकही रंग दुसऱ्यांदा नाही. गडद हवेत म्हणून नेव्ही घेतला, वांगी, कॉफी, बाटली हिरवा असे नऊ घेतले, मध्ये मध्ये लिंबू आणि अबोली. सुनंदाबाईंच्या चिठ्ठ्या मी आधीच उपटून टाकल्या होत्या. त्यांच्या अक्षराकडे बघवत नव्हतं. गठ्ठा बांधला तेव्हा सुरेख दिसत होता. हे एक काम गाजलं की पहूर, जामनेर, शेंदुर्णी, सगळ्या लग्नांची कामं येतील. मग आखाजीला दिपमालासमोर साइट उघडून ठेवीन आणि काही बोलणार नाही.

२३ एप्रिल, बुधवार

नऊ काळे निघाले.

काल हळदीच्या वेळी ओट्या भरत होते. पहिल्या दोघी-तिघींचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग नवरीच्या मावशीच्या ओटीत पडला तेव्हा ती ताडकन उठली. सगळ्या बायकांनी आपापल्या ओट्या उघडल्या. नऊ जणींच्या पदरात काळं. नवरीच्या आईनं रडून मांडव डोक्यावर घेतला. फोनवर कमलबाईंचा आवाज बसला होता. ‘अक्का, माह्या सुनंचा गृहप्रवेश नाही झाला अजून, अन् लोकं मले इच्यारून राह्यले का तुले हे लग्न मान्य नव्हतं का. तुमचं मी काय वाकडं करेल होतं?’

मी काय बोलले ते लिहायलाच हवं, नाहीतर ही डायरी फाडलेली बरी. मी म्हणाले, ‘कमलबाई, माझ्या हाताखालच्या बाईनं बांधलं. सुनंदा नाव तिचं, असोद्याची. दावा साधला तिनं. मी तिला काढून टाकलंय.’ सगळं एका दमात. काढलं होतं आठ तारखेला, ऑर्डर आली पंधराला. तारखा त्यांनी विचारल्या नाहीत आणि मी सांगितल्या नाहीत.

२४ एप्रिल, गुरुवार

दुकान उघडलं नाही. नऊ कसे? एक समजू शकते, नजरचूक म्हणून. नऊ कसे?

२६ एप्रिल, शनिवार

आज भर बारा वाजता दुकानाच्या पायरीवर चादर घातली. काळा, नेव्ही, वांगी, कॉफी, बाटली हिरवा, प्रत्येकी दोन तुकडे. प्रत्येकाला खालच्या बाजूनं चिठ्ठी टाचली. चिठ्ठ्या फेकलेल्या खोक्यातूनच काढल्या, आणि कोणती कशाला लावायची ते गठ्ठ्यावरच्या कंपनीच्या लेबलावरून वाचून ठरवलं. डोळ्यांवर सोडलं नाही. मग तुकडे मिसळले. ऊन असं होतं की पाय भाजत होते. एकेक हातात घेऊन मोठ्यानं नाव घ्यायचं आणि उलटून बघायचं.

दहातले सहा चुकले. पुन्हा केलं. सात चुकले. काळा सर्वांत जास्त खपतो म्हणून त्याचे वेगवेगळ्या कंपन्यांचे गठ्ठे आहेत; त्यांनाच मी नऊ रंग धरले.

रस्त्यानं माणसं जात होती. एक ओळखीची बाई थांबून म्हणाली, काय कोकिळाताई, सेल लावलाय का? मी हो म्हटलं.

मग विधीला हाक मारली. साइट उघडून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, या पानाचं अंग कोणत्या रंगाचं आहे, खरं सांग. ती म्हणाली, ‘आकाशी, काकू. चांगलंच आकाशी. तुम्हीच सांगितलं होतं.’ मला अजूनही ते पांढरं दिसतं. आत्ता लिहितानाही समोर आहे, आणि पांढरं आहे.

विधी समजूतदार आहे. म्हणाली मोतीबिंदू असणार, माझ्या आजीचाही असाच पिवळा झाला होता, आता अर्ध्या तासात होतं, दुसऱ्या दिवशी घरी. होईलही. डोळा दुरुस्त होईल गं, म्हटलं, पण पहूरच्या ओट्यांतलं काळं कोण काढणार? आणि ज्या बाईनं कधी माझ्या दुकानातला दोराही उचलला नाही तिला मी गावभर चोर केलं, ते कोणतं ऑपरेशन काढणार? तिच्यापुढे रडले. शेठच्या मुलीपुढे रडेन असं कधी वाटलं नव्हतं.

साइट बंद करायला सांगितली. तिनं दोनदा विचारलं. मग केली.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळच्या एसटीनं असोद्याला गेले. चौदा वर्षांत सुनंदाबाईंचं घर मी पाहिलं नव्हतं. केळीच्या वखारीमागे दोन खोल्या. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मला बघून उठल्या आणि आधी पाणी आणलं.

पहूरची गोष्ट माझ्याआधी तिथे पोहोचलेली. कमलबाईंची नणंद असोद्यातच दिलेली आहे. गल्लीतल्या डोहाळजेवणाला सुनंदाबाईंना बोलावणं आलं नाही. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी तिथंच बसून कमलबाईंना फोन लावला. स्पीकर चालू केला, शेजारणी दारात आल्या तरी बंद केला नाही. म्हणाले, ‘ते नऊ काळे मी बांधले. एकटीनं. सुनंदाबाई तेव्हा दुकानात नव्हत्याच. मी तुमच्याशी खोटं बोलले. मला काळा ओळखू येत नाही.’  मग कमलबाई म्हणाल्या, ‘मंग इतके दिस दुकान कसं चालवलं तुमी?’ उत्तर माझ्या शेजारी गहू निवडत बसलं होतं. ते मी त्यांना सांगितलं, नावानिशी. पहूरला येऊन नऊही जणींच्या ओट्या स्वतः भरीन म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘येऊ नका आता. पाहू मंग.’ आणि फोन ठेवला.

चहा झाला. मी विचारलं, ‘कधीपासून बदलत होतात?’

‘दोन वर्सं झाली, अक्का. आधी एखांदा, मंग लय.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘काय सांगू? मले रंग तुमीच शिकवले. तुमाले मी कशी सांगू का ह्यो काया हाये अन् ह्यो निया?’ त्यांनी गव्हातला एक खडा काढून टाकला. ‘डोये दाखवा असं दोनदा म्हनून पाह्यलं. तुमी म्हने, मले म्हातारी करते का?’

मला ते आठवत नाही. म्हणजे बोलले असणार.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘साडी छान आहे हो तुमची. कॉफी रंग खुलतो तुम्हाला.’ त्या लगेच म्हणाल्या, ‘हो, अक्का.’

तो ‘हो’ मी दोन वर्षं ऐकतेय. आज पहिल्यांदा मला तो ऐकू आला. म्हटलं, ‘सुनंदाबाई, खरं सांगा. तुमच्या पोरांची शपथ.’ त्या गव्हात बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वांगी हाये.’

मग मी थांबलेच नाही. दार कोणत्या रंगाचं, विचारलं. खाटेवरची गोधडी. पलीकडची बादली. त्या सांगत गेल्या, हळू आवाजात, आजारी माणसाला सांगतात तसं. शेवटी मी माझ्या दंडाला हात लावला. आज मुद्दाम चांगली नेसून गेले होते, माफी मागायला जायचं म्हणून. मोरपंखी इरकल, त्यावर त्याच रंगाचा ब्लाउज.

‘आणि हा? जुळतोय?’

त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘नाई जुयत, अक्का. साडी मोरपंखी हाये, ब्लाउज हिरवा.’

‘आजच?’

‘नाई.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘लय दिस झाले. तुमी नवा घालून आल्या का मी भर बाजारात तुमच्या बाजूनं उभी राहू, माहा पदर तुमच्या दंडावर येईन अशी. बाया पाहत, मंग आपसात हासत.’

मॅचिंगवाली कोकिळाबाई. दोन वर्षं. मी पदर दंडावर ओढून घेतला.

सुनंदाबाई आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी त्यांचा एक ब्लाउज माझ्या मांडीवर ठेवला. मी विचारलं नाही कोणता रंग. आत जाऊन बदलला. दंडात मला तो सैल होतो. त्यांनी बाहीला आतून दोन टाके घालून दिले आणि मला एसटीपर्यंत सोडायला आल्या.